उत्खातभूमीतील एक दिवस : डायनोसॉर-जीवाश्मांचा शोध आणि नोंदीचे मोल

प्रस्तावना

डायनोसॉर म्हटले की सर्वसामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर संग्रहालयातील भव्य सांगाडा उभा राहतो. हा सांगाडा कोठून आला, तो कोणी व कसा शोधला, तेथपर्यंत जाण्याचा मार्ग कसा सापडला, याविषयी मात्र फारशी माहिती नसते. जमीन खणत गेले की केव्हातरी डायनोसॉरची हाडे लागतात, असा एक समज सर्वत्र रूढ आहे. प्रत्यक्षात ज्याला उत्खनन म्हणतात ते काम बरेच नंतरचे असते. त्याआधीची पायरी म्हणजे क्षेत्रशोध, आणि त्यात खणण्याला जवळजवळ स्थान नसते. तेथे चालणे, पाहणे, ओळखणे आणि नोंदवणे ही चारच कामे असतात.

प्रस्तुत लेखात कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील ‘डायनोसॉर प्रोव्हिन्शियल पार्क’ या उत्खातभूमीच्या आधारे अशा शोधकार्याच्या एका दिवसाचे स्वरूप स्पष्ट केले आहे. त्या ओघात एका मूलभूत प्रश्नाचा विचार केला आहे. जीवाश्माचे शास्त्रीय मूल्य त्या हाडात असते, की ते हाड जेथे सापडले त्या जागेच्या ज्ञानात असते? या प्रश्नाचा महाराष्ट्राशी व भारतातील जीवाश्मस्थळांशी थेट संबंध आहे. म्हणून लेखाच्या उत्तरार्धात त्याचाही परामर्श घेतला आहे.

उत्खातभूमीची घडण

भूगोलाच्या अभ्यासकांना उत्खातभूमी ही संज्ञा चंबळच्या खोऱ्यामुळे परिचित आहे. मऊ, भुसभुशीत थरांवर पावसाचे पाणी वेगाने वाहिले आणि जमिनीला झाडोऱ्याचे संरक्षण नसले, तर घळी, अरुंद कडे व उघडे सुळके यांचे जाळे तयार होते. मात्र प्रत्येक उत्खातभूमीत डायनोसॉर सापडत नाहीत. चंबळच्या घळी भूशास्त्रीय दृष्टीने अगदी अलीकडच्या नदीगाळात कोरलेल्या आहेत. तो गाळ साचला तेव्हा डायनोसॉर नष्ट होऊन कोट्यवधी वर्षे लोटली होती. त्यामुळे शोधाला निघण्यापूर्वी तीन अटी पूर्ण होतात की नाही, हे पाहावे लागते. खडक गाळाचा असावा, तो डायनोसॉरच्या कालखंडातील असावा आणि तो आज उघडा पडलेला असावा.

अल्बर्टातील रेड डिअर नदीच्या खोऱ्यात या तिन्ही अटी पूर्ण होतात. सुमारे साडेसात कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे क्रिटेशस कालखंडाच्या उत्तरार्धात, उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी उत्तर-दक्षिण पसरलेला एक उथळ समुद्र होता. त्याच्या पश्चिम किनाऱ्यालगत उष्ण, दमट असे सखल मैदान होते. पश्चिमेकडील उंच होत जाणाऱ्या पर्वतांतून उतरणाऱ्या नद्या त्या मैदानावर वाळू व चिखल पसरवीत. पुरात मेलेले किंवा नदीकाठी मरून पडलेले प्राणी या गाळाखाली लवकर झाकले जात. ज्वालामुखींची राखही अधूनमधून येऊन साचे. या गाळातून तयार झालेल्या थरांना ‘डायनोसॉर पार्क शैलसमूह’ असे नाव आहे. त्यांचे वय सुमारे ७ कोटी ६५ लाख ते ७ कोटी ४५ लाख वर्षे मानले जाते. त्यांच्या खाली ‘ओल्डमन’ हा अधिक जुना शैलसमूह, तर वर ‘बेअरपॉ’ हा सागरी गाळाचा शैलसमूह आहे. पुढे समुद्राने किनारपट्टी गिळली, त्याची साक्ष बेअरपॉच्या थरांत मिळते.

हे थर कोट्यवधी वर्षे जमिनीखाली दडलेले होते. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस वितळलेल्या बर्फाच्या प्रचंड प्रवाहांनी रेड डिअर नदीची खोल दरी कोरली आणि ते उघडे पडले. आज तेथे वर्षाला सुमारे ३५० मिलिमीटरच पर्जन्य होते. गवत नीट रुजत नाही आणि जो पाऊस येतो तो धुवाधार सरींनी येतो. राखेपासून बनलेली बेंटोनाइट नावाची माती पाणी शोषून फुगते आणि वाळली की तिचा पृष्ठभाग लाह्यांसारखा फुललेला दिसतो. पुढच्या पावसात हा सुटा थर वाहून जातो. अशा रीतीने उतारांचा पृष्ठभाग दरवर्षी काही मिलिमीटर झिजत राहतो. जेथे वर कठीण वालुकाश्माची टोपी असते, तेथे खालची माती टिकून ‘हूडू’ नावाचे छत्रीच्या आकाराचे खांब उभे राहतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. जे क्षरण हाडे उघडी करते, तेच क्षरण ती नष्टही करते. हाडाची कडा पृष्ठभागावर दिसू लागली की ऊन, पाऊस व हिवाळ्यातील गोठणे-वितळणे यांमुळे त्याच्या चिरफळ्या होऊ लागतात. काही वर्षांत त्याचा चुरा होतो. याचा अर्थ असा की, कोट्यवधी वर्षे सुरक्षित राहिलेले हाड मानवाच्या दृष्टीस पडण्यासाठी केवळ काही वर्षांची संधी देते. शोधकार्याची निकड येथूनच निर्माण होते. एकदा पाहून झालेला उतार पुन्हापुन्हा का पाहावा लागतो, याचे उत्तरही येथेच मिळते.

सकाळ : तयारी आणि प्रकाश

शोधकार्याचा हंगाम उन्हाळ्याचा, साधारण जून ते ऑगस्ट असा असतो. दिवसाची सुरुवात लवकर होते. दुपारी घळींमधील मातीचे उतार तापतात आणि वारा अडल्यामुळे उष्णता असह्य होते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण प्रकाशाचे आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात लहानशा उंचवट्याचीही सावली पडते आणि हाडाचा पोत मातीहून वेगळा दिसतो. डोक्यावर आलेल्या सूर्याच्या प्रकाशात सर्व उतार एकसारखे करडे भासतात.

पाठपिशवीतील सामान मोजके असते. भरपूर पाणी, भूशास्त्रीय नकाशा, होकायंत्र, जीपीएस यंत्र, नोंदवही, कॅमेरा, मोजपट्टी, कुंचला, दाभण, लहान हातोडी, हाड बळकट करणारा पातळ चिकटद्रव, नमुन्यांच्या पिशव्या आणि पेन्सिल. यांपैकी सर्वांत अधिक वापर होतो तो नोंदवही व पेन्सिलचा. हातोडी पुष्कळदा दिवसभर पिशवीतच राहते.

धोक्यांची जाणीव करून दिल्याशिवाय नवशिक्यास घळीत उतरू दिले जात नाही. खडकांच्या सावलीत रॅटलस्नेक हा विषारी साप विसावलेला असतो. त्यामुळे न पाहता कपारीत हात घालू नये, हा पहिला नियम होय. उतारावर फड्या निवडुंग पसरलेला असतो. पृष्ठभागाखाली पाण्याने कोरलेली विवरे असतात आणि त्यांवरील मातीचे पातळ छत पायाखाली कोसळू शकते. पाऊस आला तर ओली बेंटोनाइट माती इतकी निसरडी होते की, काही मिनिटांपूर्वी सहज चढलेला उतार उतरणे अशक्य होऊन बसते. अशा वेळी काम थांबवून माती वाळण्याची वाट पाहणे, एवढेच हाती उरते.

जमिनीचे वाचन

गटातील सदस्य एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर विखुरतात आणि प्रत्येक जण एखादी घळ किंवा उतार निवडतो. चाल संथ असते. नजर दोन-तीन मीटरच्या पट्ट्यात डावीकडून उजवीकडे फिरत असते. नवख्या माणसाला आरंभी काहीच दिसत नाही, कारण त्याची नजर अखंड सांगाडा शोधत असते. अनुभवी शोधकाची नजर विसंगती टिपते. सभोवतालच्या मातीहून वेगळा रंग, नैसर्गिक दगडाला नसणारी वक्रता, एकाच जागी पडलेले सारख्या पोताचे तुकडे, या त्याच्या खुणा होत.

येथे वारंवार फसगत करतात त्या लोहयुक्त गाठी. लोहखनिजांमुळे कठीण झालेले हे तपकिरी गोटे कधी मांडीच्या हाडासारखे, तर कधी मणक्यासारखे दिसतात. खरे हाड ओळखण्यासाठी तुटलेली बाजू पाहावी लागते. हाडाच्या आतील भागात स्पंजासारखी सच्छिद्र रचना असते, तर बाहेरचे आवरण घट्ट व गुळगुळीत असते. दगडाच्या गाठीत अशी रचना नसते. शंका उरलीच तर तुकडा जिभेला लावून पाहण्याची जुनी रीत आहे. सच्छिद्र हाड ओलावा शोषून जिभेला किंचित चिकटते, साधा दगड सहसा चिकटत नाही. ही चाचणी निर्णायक नसली तरी क्षेत्रात उपयोगी ठरते.

दिवसभरात आढळणारे बहुतेक अवशेष सामान्य असतात. कासवाच्या कवचाचे चपटे, खाचखळग्यांचे तुकडे, गार जातीच्या माशांचे चकचकीत खवले, सुसरींच्या पाठीवरील अस्थिपट्ट्या हे सर्व पुनःपुन्हा दिसते. डायनोसॉरच्या अवशेषांत हॅड्रोसॉर, म्हणजे बदकाच्या चोचीसारखे तोंड असलेले शाकाहारी डायनोसॉर, यांची हाडे सर्वांत अधिक आढळतात. त्यांच्या पाठीतील अस्थिभूत स्नायुबंध पेन्सिलीच्या तुकड्यांसारखे दिसतात. मांसाहारी डायनोसॉरचे गळून पडलेले दातही मिळतात. दातांच्या कडांवरील करवतीसारख्या बारीक दंतुरपणावरून ते ओळखता येतात. या प्राण्यांचे दात आयुष्यभर पडत व नवे येत असत. त्यामुळे एका प्राण्याने मागे ठेवलेल्या दातांची संख्या मोठी असते.

हे सामान्य अवशेष निरुपयोगी मानता येणार नाहीत. काही जागी प्राचीन प्रवाहांनी लहान हाडे, दात व खवले एकत्र साचविलेले असतात. अशा सूक्ष्मजीवाश्म-स्थळांतील माती धुऊन व चाळून अभ्यासली असता त्या काळच्या परिसंस्थेतील मासे, बेडूक, सरडे, लहान सस्तन प्राणी यांचा पट उलगडतो. भव्य सांगाड्यांतून हे चित्र कधीच मिळत नाही.

चढाच्या दिशेने

एखाद्या घळीच्या तळाशी हाडाचे चार-पाच तुकडे एकत्र दिसले की दिवसाच्या कामाला कलाटणी मिळते. सुटे तुकडे उताराच्या वरून खाली आलेले असतात. म्हणून शोधक ते उचलून खिशात टाकत नाही, तर त्यांचा माग काढीत वर चढतो. या मागाचे काही साधे नियम आहेत. तुकड्यांच्या कडा धारदार असतील तर ते नुकतेच तुटलेले असून मूळ जागा जवळ आहे. कडा झिजून गोल झाल्या असतील तर ते दूरवरून वाहत आले आहेत. वर जावे तसे तुकडे मोठे व दाट होत जातात आणि एका रेषेच्या वर ते एकदम नाहीसे होतात. त्या रेषेजवळच मूळ थर असतो.

तेथे गुडघे टेकून कुंचल्याने सैल माती दूर केली जाते. हाड डोंगराच्या आत जात आहे की त्याचे केवळ शेवटचे टोक शिल्लक आहे, हा खरा प्रश्न असतो. पृष्ठभागावर संपूर्ण उघडे पडलेले हाड पाहणाऱ्याला आकर्षक वाटते, पण शास्त्रीय दृष्ट्या त्याची वेळ बहुधा टळून गेलेली असते. याउलट बोटभर कडा बाहेर आणि उरलेले सर्व खडकात, ही स्थिती सर्वांत आशादायक होय.

यानंतर निर्णय घ्यावा लागतो. हाडे एकमेकांना जोडलेल्या स्थितीत आहेत का, कवटीचा भाग दिसतो का, प्राणी दुर्मीळ आहे का, वरच्या खडकाचा किती भार काढावा लागेल, या प्रश्नांवर तो अवलंबून असतो. एकाकी पडलेले हॅड्रोसॉरचे हाड नोंदवून तेथेच ठेवले जाते. उत्खनन म्हणजे अनेक आठवड्यांचे श्रम. हाडाभोवती खंदक काढणे, ओल्या कागदाचा थर देऊन गोणपाट व प्लास्टर ऑफ पॅरिसचे कवच चढविणे, ते वजनदार गाठोडे दुर्गम घळीतून बाहेर काढणे आणि नंतर प्रयोगशाळेत दीर्घकाळ सफाई करणे, हे सर्व त्यात येते. म्हणून पाहिलेल्या शेकडो अवशेषांपैकी फारच थोडे उत्खननास पात्र ठरतात. बहुतेक दिवसांची फलश्रुती नोंदवहीतील काही पाने हीच असते.

नोंद : हाडापेक्षा मोठे मूल्य

हाड कितीही लहान असो, त्याच्या जागेची नोंद पूर्ण झाल्याखेरीज त्याला हलवायचे नाही, हा क्षेत्रकार्याचा कणा आहे. अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, थराचा प्रकार व त्याचे शैलसमूहातील स्थान, हाडाच्या पडण्याची दिशा, सोबत आढळलेले अवशेष, मोजपट्टीसह छायाचित्र आणि रेखाटन एवढी माहिती नोंदविली जाते.

हा काटेकोरपणा अनाठायी नाही, हे डायनोसॉर पार्कच्याच एका निष्कर्षावरून पटते. या शैलसमूहाच्या खालच्या थरांत सेंट्रोसॉरस हा शिंगवाला डायनोसॉर, तर वरच्या थरांत त्याच्याच गटातील स्टायरॅकोसॉरस आढळतो. त्याचप्रमाणे डोक्यावर तुरा असलेल्या हॅड्रोसॉरांपैकी कोरिथोसॉरस खाली आणि लँबिओसॉरस वरच्या भागात आढळतो. म्हणजे हे सर्व प्राणी एकाच वेळी एकत्र वावरत नव्हते. एका प्राणिसमूहाची जागा दुसऱ्याने घेतली होती. राखेच्या थरांतील झिरकॉन स्फटिकांचे युरेनियम-शिसे पद्धतीने वय काढता येत असल्याने हा बदल केव्हा घडला, हेही सांगता येते. परंतु हे ज्ञान हाडाच्या आकारात कोठेही लिहिलेले नाही. हाड थराच्या तळापासून किती मीटर उंचीवर होते, या एका आकड्यातून ते मिळाले आहे. तो आकडा नसेल तर तीच कवटी केवळ शोभेची वस्तू उरते.

या खोऱ्याच्या इतिहासानेही हाच धडा दिला आहे. १८८४ मध्ये कोळशाच्या थरांचे सर्वेक्षण करताना जोसेफ बर टायरेल यांना ड्रमहेलरजवळ एका मांसाहारी डायनोसॉरची कवटी सापडली. १९०५ मध्ये हेन्री ऑस्बॉर्न यांनी या प्राण्याला अल्बर्टोसॉरस हे नाव दिले. पुढे १९१० पासून न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीसाठी बार्नम ब्राउन यांनी सपाट तळाच्या होडीतून नदीकाठ धुंडाळला. १९१२ पासून कॅनडाच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणासाठी चार्ल्स एच. स्टर्नबर्ग व त्यांचे पुत्र याच खोऱ्यात उतरले. या चढाओढीत अनेक उत्कृष्ट सांगाडे मोठमोठ्या संग्रहालयांत पोहोचले. तथापि त्यांपैकी पुष्कळांच्या उत्खननाची नेमकी जागा नोंदलेली नव्हती. १९३० च्या दशकात चार्ल्स एम. स्टर्नबर्ग यांनी जुने खड्डे शोधून त्यांवर क्रमांकाच्या खुणा रोवण्याचे काम हाती घेतले. हे काम पुढील पिढ्यांनीही चालू ठेवले. खड्ड्यात टाकून दिलेले वर्तमानपत्राचे कपटे, प्लास्टरचे तुकडे व जुनी छायाचित्रे यांच्या आधारे कोणता सांगाडा कोणत्या खड्ड्यातला, हे ठरवावे लागले. जी नोंद उत्खननाच्या दिवशी काही मिनिटांत झाली असती, तिच्यासाठी नंतर अनेक दशके खर्ची पडली.

१९५५ मध्ये या क्षेत्रास प्रांतिक उद्यानाचा दर्जा मिळाला आणि १९७९ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. अल्बर्टाच्या कायद्यानुसार जीवाश्मांची मालकी प्रांताची असून परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही. उद्यानाच्या हद्दीत तर पृष्ठभागावरील तुकडाही उचलण्यास मनाई आहे. संशोधनासाठी काढलेले नमुने प्रामुख्याने ड्रमहेलर येथे १९८५ मध्ये सुरू झालेल्या रॉयल टायरेल संग्रहालयात जतन केले जातात. या नियमांमागील हेतू, जागेपासून तोडलेले हाड आपली साक्ष गमावते, हाच आहे.

भारतीय व महाराष्ट्रीय संदर्भ

भारतात डायनोसॉरचे अवशेष असलेले उत्तर क्रिटेशस काळातील खडक प्रामुख्याने लॅमेटा शैलसमूहात आढळतात. हे गाळथर मध्य व पश्चिम भारतात दख्खनच्या बेसाल्ट थरांच्या खाली किंवा त्यांच्या कडेने तुटक स्वरूपात उघडे पडलेले आहेत. महाराष्ट्राचा फार मोठा भाग बेसाल्टने व त्यापासून बनलेल्या काळ्या मातीने झाकलेला आहे. पावसाळ्यात सर्वत्र हिरवे आच्छादन वाढते आणि सपाट भागात शेती होते. त्यामुळे अल्बर्टासारखे मैलोगणती उघडे उतार येथे उपलब्ध नाहीत. येथील शोधक्षेत्र म्हणजे टेकडीची एखादी बाजू, ओढ्याचा काठ किंवा शेताचा पृष्ठभाग होय. जेथे उघडे क्षेत्र इतके मर्यादित आहे, तेथे प्रत्येक जागेचे मोल अधिक ठरते.

चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा हे या दृष्टीने महत्त्वाचे स्थळ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपूर येथील धर्मोपदेशक व भूशास्त्राचे अभ्यासक स्टीफन हिस्लॉप यांच्या काळापासून या परिसरातील जीवाश्मांकडे अभ्यासकांचे लक्ष आहे. येथे पृष्ठभागावर हाडांबरोबरच अश्मीभूत विष्ठाही मोठ्या प्रमाणात आढळते. ओबडधोबड खड्यांसारख्या दिसणाऱ्या या अवशेषांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केल्यावर त्यांत गवताच्या पेशींतील सिलिकाचे सूक्ष्म कण आढळले. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी आदींचे हे संशोधन २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. डायनोसॉरच्या काळात गवत अस्तित्वात नव्हते, ही तोवरची समजूत त्यामुळे बदलली. गवताचे किमान पाच प्रकार त्या काळी भारतात वाढत होते, असे दिसून आले. विदर्भातील एका गावाच्या शिवारातील, कोणीही सहज लाथाडून जावे अशा गोट्यांनी वनस्पतींच्या इतिहासाचे एक प्रकरण नव्याने लिहावयास लावले. ते गोटे नेमक्या कोणत्या थरातील आहेत हे ठाऊक नसते, तर हा निष्कर्ष काढता आला नसता.

नोंदीचे महत्त्व सांगणारी आणखी दोन उदाहरणे भारतीय आहेत. जबलपूर येथे १८२८ मध्ये विल्यम स्लीमन यांना काही अश्मीभूत हाडे मिळाली. भारतातील डायनोसॉर-जीवाश्मांचा हा सर्वांत जुना ज्ञात शोध मानला जातो. १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी जबलपूरच्या अशा अवशेषांवरून टायटॅनोसॉरस इंडिकस ही जाती स्थापन केली. पुढे शेपटीचे हे मूळ मणके दीर्घकाळ हरवलेले होते. त्यांपैकी एक मणका भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकाता येथील संग्रहात पुन्हा सापडल्याचा वृत्तान्त २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या हाडावर एका जातीचे नाव आधारलेले आहे, तेही संग्रहातच हरवू शकते, ही बाब विचार करावयास लावणारी आहे.

दुसरे उदाहरण गुजरातमधील रहिओलीचे. तेथे १९८० च्या दशकाच्या आरंभी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे सुरेश श्रीवास्तव यांनी विखुरलेली हाडे गोळा करतानाच कोणते हाड कोठे पडले होते याचा तपशीलवार नकाशा तयार केला. सुमारे दोन दशकांनंतर भारतीय व अमेरिकी संशोधकांनी ती हाडे पुन्हा अभ्यासली, तेव्हा हा नकाशाच मार्गदर्शक ठरला. कोणती हाडे एकाच प्राण्याची आहेत हे त्याच्या आधारे ठरविता आले आणि २००३ मध्ये राजासॉरस नर्मदेन्सिस हा मांसाहारी डायनोसॉर जगासमोर आला. हाडे दोन्ही ठिकाणी होती. जबलपूरचा मणका हरवला तेव्हा त्याचा माग उरला नाही, रहिओलीच्या हाडांचा माग मात्र कागदावर टिकून राहिला.

महाविद्यालयीन क्षेत्रकार्याच्या दृष्टीने

वरील विवेचन केवळ तज्ज्ञांपुरते मर्यादित नाही. भूगोल, भूशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र व पुरातत्त्व या विषयांच्या सहली दरवर्षी निघतात. विद्यार्थी उत्साहाने दगड, शंख, हाडे, खापरे आणतात आणि ती विभागाच्या कपाटात जमा होतात. काही वर्षांनी त्यांवरील चिठ्ठ्या गळून पडतात, आणणारे विद्यार्थी निघून जातात आणि कपाटात अनाम वस्तूंचा ढीग उरतो. हे संकलन दिसायला समृद्ध असले तरी अभ्यासाला त्याचा उपयोग होत नाही.

याला पर्याय खर्चिक नाही. अवशेष दिसल्यास तो न उचलता मोजपट्टी ठेवून छायाचित्र घेणे, भ्रमणध्वनीवरूनही मिळू शकणारे अक्षांश-रेखांश टिपणे, गाव-शिवार व थराचे वर्णन लिहिणे आणि ही माहिती भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण किंवा विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागास कळविणे, एवढे कोणत्याही महाविद्यालयाला शक्य आहे. भूवारसा स्थळे व भूअवशेष यांच्या संरक्षणासाठीच्या विधेयकाचा मसुदा केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२२ मध्ये सूचनांसाठी प्रसिद्ध केला होता. यावरून या विषयाची निकड शासनस्तरावरही जाणवली असल्याचे दिसते. तथापि कायदा सर्व शिवारांवर पहारा देऊ शकत नाही. जमिनीवर चालणाऱ्या माणसाला काय पाहावे व काय करू नये हे ठाऊक असणे, हेच अधिक परिणामकारक संरक्षण होय.

समारोप

उत्खातभूमीतील शोधकार्याचा दिवस बाहेरून पाहणाऱ्यास निष्फळ वाटण्याचा संभव आहे. दहा-बारा तास उन्हात चालून संध्याकाळी हाती येतात त्या कासवाच्या कवचाच्या, एखाद्या दाताच्या आणि कड्यात शिरणाऱ्या एखाद्या अनोळखी हाडाच्या नोंदी. परंतु त्या नोंदींमुळे पुढील वर्षी त्याच उतारावर परतता येते, क्षरणाने काय नेले व काय नव्याने दाखविले याची तुलना करता येते आणि एका हाडाला त्याच्या काळाशी व परिसराशी जोडता येते.

इतिहासाच्या अभ्यासकाला दप्तराबाहेर पडलेला सुटा कागद जसा पुरेसा नसतो, त्याचे मूळ दप्तर व क्रम ठाऊक असावा लागतो, तसेच हे आहे. क्षरण थांबविणे कोणाच्या हाती नाही. अल्बर्टाच्या घळीत असो वा पिसदुऱ्याच्या शिवारात, उघडे पडलेले हाड काही वर्षांत मातीत मिसळणारच. ते मिसळण्यापूर्वी कोणी पाहिले, ओळखले आणि त्याची जागा लिहून ठेवली, तर हाड गेले तरी त्याची साक्ष उरते. उलट नोंद न करता उचललेले हाड काचेच्या कपाटात शंभर वर्षे सुरक्षित राहिले, तरी ते कोठल्या काळाचे व कोठल्या भूमीचे, हे सांगणारे कोणी उरत नाही.